ख्रिसमस बॉम्बिंग १९७२: बॉम्ब हानोईवर, निरोप सायगावला

प्रश्न असा आहे: डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेने हानोईवर, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या राजधानीवर, बी-५२ ही अवजड बॉम्बर विमानं घालून अकरा दिवस बॉम्बिंग केलं आणि महिन्याभरात पॅरिसला करार झाला, मग बॉम्बिंगने शत्रू टेबलवर येतो हे सिद्ध झालंच ना? आणि झालं असेल तर हेच १९६५ ला का नाही केलं, एवढी वर्षं आणि एवढी माणसं कशाला घालवली?

हे दोन्ही प्रश्न मला वर्गात दरवर्षी यायचे. मी एअरफोर्समधून रिटायर झालोय, सुरुवातीची वर्षं मिसाइल युनिटमध्ये काढली, रशियन एसए-२ वर, म्हणजे हानोईवाल्यांकडे होतं त्याच जातीचं हत्यार, आणि शेवटची काही वर्षं ऑफिसर लोकांना एअर कॅम्पेन शिकवण्यात गेली. तर अनुभवाने सांगतो, अशा कॅम्पेनचा विचार करताना लोक विमानापासून आणि बॉम्बच्या टनांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी कॅलेंडर काढा. कोणाची कुठली तारीख जवळ येत होती ते बघा, मग टार्गेटची यादी वाचा.

तर कॅलेंडर. ८ ऑक्टोबर १९७२ ला पॅरिसमध्ये उत्तर व्हिएतनामच्या ले डक थोने अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन याचा सुरक्षा सल्लागार किसिंजर याच्यासमोर नवा मसुदा ठेवला, आणि त्यात हानोईने आपली सगळ्यात जुनी अट सोडली होती, ती म्हणजे सायगावमधून, दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतून, तिथला अध्यक्ष थ्यू याला आधी हटवा. त्याच्या बदल्यात अमेरिकेनेही एक फार मोठी गोष्ट गिळली होती, उत्तरेचं सैन्य दक्षिणेत जिथे आहे तिथेच राहणार. म्हणजे लाखाच्या वर सैनिक थ्यूच्या देशात बसलेले, आणि अमेरिका सामान बांधून घरी. किसिंजर हा मसुदा घेऊन सायगावला गेला आणि थ्यूने साफ नाही म्हटलं, आणि माझं मत विचाराल तर त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं. घरात शिरलेला माणूस तसाच ठेवून दाराला कुलूप लावतोय असं सांगितल्यावर घरमालक काय म्हणणार?

हानोईने २६ ऑक्टोबरला मसुदा रेडिओवर जाहीर करून टाकला, की बघा, सगळं ठरलं होतं आणि आता अमेरिका मागे हटतेय. त्याच दिवशी किसिंजरने पत्रकारांना सांगितलं की शांतता हाताशी आलीय. ७ नोव्हेंबरला निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून निवडून आला. इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. विसरतात ते हे, की राष्ट्राध्यक्ष एवढा दणदणीत जिंकला तरी काँग्रेस डेमोक्रॅट्सकडेच राहिली, आणि नवी काँग्रेस ३ जानेवारी १९७३ ला बसणार होती. तिथला मूड सरळ होता, आमचे कैदी सोडा, आम्ही निघतो, थ्यूचं थ्यू बघेल. युद्धाचा पैसा काँग्रेसच्या हातात. म्हणजे निक्सनकडे निवडणुकीतलं बहुमत भरपूर होतं, पण वेळ होता सात-आठ आठवडे.

आणि हे हानोईलाही दिसत होतं. नोव्हेंबरमध्ये किसिंजर थ्यूच्या वतीने ६९ दुरुस्त्या घेऊन पॅरिसला गेला, तो आकडा ऐकूनच ले डक थोने काय समजायचं ते समजून घेतलं असणार. मग हानोईनेही आपल्या आधीच्या सवलती मागे घ्यायला सुरुवात केली, आज एक मुद्दा सुटला की उद्या दुसरा नवा, आणि अमेरिकन युद्धकैद्यांची सुटका सायगावच्या तुरुंगातल्या राजकीय कैद्यांशी जोडायची भाषा सुरू झाली. कारण जानेवारीपर्यंत ताणलं की अमेरिकन काँग्रेसच त्यांचं काम फुकटात करणार होती. १३ डिसेंबरला बोलणी मोडली. १४ ला निक्सन, किसिंजर आणि त्याचा डेप्युटी अलेक्झांडर हेग यांची बैठक झाली आणि बॉम्बिंग ठरलं. १८ डिसेंबरच्या रात्री पहिली लाट हानोईवर होती, १२९ बी-५२, तीन खेपांमध्ये.

आता मुख्य मुद्दा, आणि हा नीट लक्षात घ्या. १९ डिसेंबरला, म्हणजे बॉम्बिंगच्या दुसऱ्या दिवशी, निक्सनचा सगळ्यात भरवशाचा माणूस हेग कुठे होता? सायगावमध्ये, थ्यूच्या समोर, निक्सनचं पत्र हातात घेऊन. पत्राचा मतितार्थ असा की आता तरी माझ्याबरोबर ये, नाहीतर मी हानोईशी एकट्याने सही करीन. त्याच्या महिनाभर आधी, १४ नोव्हेंबरच्या पत्रात निक्सनने थ्यूला शब्द दिला होता की हानोईने करार मोडला तर अमेरिका लगेच आणि जबर उत्तर देईल. पण शब्दाला किंमत कधी येते? थ्यू बघत होता की अमेरिकेचं पायदळ निघून गेलंय, काँग्रेस पैसे बंद करायला टपलीय, आणि हा माणूस म्हणतोय मी परत येईन. मग त्याला हे दाखवून देणं भाग होतं की अमेरिकेचा अध्यक्ष कुणाला न विचारता, टीव्हीवर एक शब्द न बोलता, ख्रिसमसच्या आठवड्यात हानोईवर बी-५२ पाठवू शकतो. बॉम्ब हानोईवर पडत होते, पण तो थ्यूला दिलेल्या शब्दाचा ॲडव्हान्स होता. हानोईला घाबरवणं हा भाग होताच, मी नाकारत नाही, पण निम्मा.

पटत नसेल तर करार बघा. २७ जानेवारी १९७३ ला जो सही झाला तो आणि ऑक्टोबरचा मसुदा शेजारी ठेवले तर फरक शोधायला चष्मा लागतो. डीएमझेडचा, म्हणजे दोन व्हिएतनाममधल्या लष्करमुक्त पट्ट्याचा, उल्लेख आला, सही कोणी कुठल्या कागदावर करायची याची पद्धत बदलली, काही शब्दांची ओढाताण. उत्तरेचं सैन्य? ते तिथेच, दक्षिणेत. थ्यूची जी खरी तक्रार होती तिच्यात काडीचाही बदल नाही. किसिंजरच्याच स्टाफमध्ये असलेल्या जॉन नेग्रोपॉंटेच्या नावावर एक कडवट शेरा सांगितला जातो, की आम्ही केलेल्या सवलती मान्य करायला लावण्यासाठी आम्ही त्यांच्यावर बॉम्ब टाकले. हानोई ऑक्टोबरमध्ये जिथे यायला तयार होती तिथेच जानेवारीत आली. हललं कोण? थ्यू. आणि तोही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निक्सनने शेवटची तंबी दिल्यावर.

(वर्गात इथे हमखास एक हात वर यायचा, "सर पण म्हणजे बॉम्बिंगने काम केलं ना, फक्त गिऱ्हाईक वेगळं?" हो, तेच म्हणतोय. पण अमुक कॅम्पेन यशस्वी झालं असं लिहिताना कोणाच्या बाबतीत हे लिहिणार नसाल तर मी मार्क कापणार.)

बी-५२ च का, हाही प्रश्न राजकीय आहे आणि थोडा हवामानाचाही. मे ते ऑक्टोबर १९७२ मध्ये लाइनबॅकर वन नावाचं बॉम्बिंग कॅम्पेन झालं होतं, त्यात लेसर बॉम्बनी पूल वगैरे छान उडवले, पण लेसरला टार्गेट डोळ्याने दिसावं लागतं आणि डिसेंबरमध्ये टाँकिनच्या खोऱ्यावर ढगांची गोधडी पसरलेली असते. रात्री, ढगातून, रडारवर बघून भरपूर माल टाकणारं विमान म्हणजे बी-५२. आणि दुसरं म्हणजे ते विमान काय आहे हे सगळ्या जगाला माहिती होतं, अणुबॉम्ब न्यायला बनवलेलं. तोपर्यंत एवढी वर्षं ते बहुतेक करून दक्षिणेतल्या जंगलात, हो ची मिन्ह ट्रेलवर (उत्तरेकडून दक्षिणेत रसद नेणारी वाट), लाओस-कंबोडियात वापरलं, हानोई शहरावर कधी पाठवलं नव्हतं. राखून ठेवलेलं पान होतं, ते टाकलं म्हणजे समोरच्याला कळतं की आता हातात मागे काही ठेवलेलं नाही. टीव्हीवर न येणं, जाहीर अल्टिमेटम न देणं हेही त्यातलंच, जाहीर धमकी दिली की हानोईला मान खाली घालून परत यावं लागलं असतं, आणि ते आले नसते. गुपचूप मारलं की गुपचूप परत यायला वाट राहते.

मग यात एअरफोर्सचा स्वतःचा हेतू काय? असतो हो, प्रत्येक कॅम्पेनमध्ये असतो, आणि आम्ही वर्दीवाले ते कबूल करत नाही. सॅक, म्हणजे स्ट्रॅटेजिक एअर कमांड, ही अमेरिकन एअरफोर्सची सगळ्यात मानाची शाखा, आणि व्हिएतनाममध्ये तिच्या वाट्याला झाडांवर बॉम्ब टाकण्याचं काम. आता शेवटी खरी संधी आली आणि प्लॅनिंग कुठे झालं, तर अमेरिकेत ओमाहाच्या हेडक्वार्टरमध्ये, व्हिएतनामपासून अर्ध्या जगाच्या अंतरावर. वरून ऑर्डर आधी तीन दिवसांची होती, त्यामुळे पहिल्या तीन रात्रींचा प्लॅन जवळपास कॉपी-पेस्ट, तोच मार्ग, तीच उंची, त्याच वेळा, विमानांची लांबच लांब रांग, आणि बॉम्ब सुटले की तेच वळण. आता एसए-२ वाल्याच्या खुर्चीतून हे कसं दिसतं ते सांगतो. समोरचा जॅमिंग करतोय, म्हणजे आपलं रडार आंधळं करतोय, पडद्यावर नुसता कचरा दिसतोय, ठीक. पण बी-५२ चे जॅमर खाली तोंड करून बसवलेले, विमान एवढं तिरकं होऊन वळलं की जॅमरचं तोंड तुमच्यावरून बाजूला जातं आणि विमान मात्र आकाशात भलंमोठं पसरतं. त्यात वळल्यावर समोरून शंभर नॉटच्या वरचा वारा, म्हणजे वेग पडला. आणि हे रोज त्याच जागी! आमच्या ड्रिलमध्ये इन्स्ट्रक्टरने असं टार्गेट दिलं असतं तर आम्ही म्हटलं असतं साहेब चेष्टा करताय का. पहिल्या रात्री ३ बी-५२ पडली, दुसऱ्या रात्री शून्य, त्यामुळे ओमाहाला वाटलं सगळं ठीक आहे, आणि २० तारखेला एका रात्रीत ६. त्यातली चार बी-५२ च्या ‘जी’ मॉडेलची, ज्यांचे जॅमर ‘डी’ मॉडेलपेक्षा कमजोर होते.

हे तांत्रिक वाटेल पण राजकारणाशी याचा थेट संबंध आहे. बी-५२ चा सगळा धाक ते पडत नाही यावर उभा होता, आणि थ्यूला दाखवायचं होतं ते हेच. एका रात्रीत सहा पडल्यावर वॉशिंग्टनमध्ये निक्सन भडकला, तेच तेच मार्ग काय वापरताय म्हणून. त्याने सेनाप्रमुखांच्या समितीचा चेअरमन ॲडमिरल मूरर याला आधीच तंबी दिली होती की हे टार्गेट जमलं नाही, ते जमलं नाही ही कारणं आता ऐकणार नाही, युद्ध जिंकायची ही तुमची संधी आहे आणि फसलात तर जबाबदार तुम्ही. पुढचे काही दिवस विमानं कमी केली, हानोईच्या जाळ्यातून थोडं बाहेर राहिली, २५ डिसेंबरला सुट्टी (ख्रिसमसच्या दिवशी बॉम्ब टाकले असं लोक लिहितात ते चूक आहे, त्या दिवशी बंद होतं), आणि २६ च्या रात्री नवीन प्लॅन: १२० बी-५२, वेगवेगळ्या दिशांनी, सगळा मारा साधारण पाव तासात. २ पडली. शेवटी एकूण ७०० च्या वर उड्डाणं, फक्त बी-५२ चे पंधरा हजार टन बॉम्ब, अमेरिकेच्या हिशेबाने १५ बी-५२ गेली, व्हिएतनामी लोक ३४ म्हणतात.

आणि खाली माणसं होती. अमेरिकेने टार्गेट म्हणून रेल्वे यार्ड, डेपो, वीजघर, विमानतळ, रेडिओ स्टेशन ठरवली होती, शहर पेटवायचा आदेश नव्हता, दुसऱ्या महायुद्धातल्या ड्रेस्डेन-टोकियोची तुलना करतात ती म्हणून पटत नाही. पण बी-५२ एका सेलमध्ये, म्हणजे गटात, तीन उडतात आणि बॉम्बची पट्टी जवळपास दीड-दोन किलोमीटर लांब पडते, टार्गेटच्या एका टोकाला वस्ती असेल तर बॉम्ब तिच्यावरही पडणारच. २२ डिसेंबरला बाक माय हॉस्पिटलवर बॉम्ब पडले, तिथले २८ कर्मचारी गेले, जवळच विमानतळ होता. २६ ला खाम थियेन रस्ता, एका रात्रीत अडीचशेहून जास्त माणसं. हानोई आणि हायफाँग हे बंदराचं शहर मिळून मेलेल्यांचा उत्तर व्हिएतनामचा स्वतःचा आकडा १६२४ आहे, आणि तो त्यांनी फुगवलेला नाही, उलट एवढ्या टनांच्या मानाने कमी वाटतो, कारण निम्मं शहर आधीच बाहेर हलवलं होतं. जगभर मात्र चित्र गेलं ते खाम थियेनचंच. स्वीडनचा पंतप्रधान ओलोफ पाल्मे याने हे बॉम्बिंग गेर्निकाच्या (स्पेनच्या यादवीत बॉम्बने उद्ध्वस्त केलेलं गाव) रांगेत बसवलं, त्यावर अमेरिकेने स्वीडनशी राजदूताचे संबंधच गोठवले.

आता १९६५ ला का नाही. तेव्हा रोलिंग थंडर नावाचं उत्तरेवरचं बॉम्बिंग सुरू झालं, २ मार्च १९६५, आणि ते ऑक्टोबर १९६८ च्या अखेरपर्यंत थांबत-थांबत चाललं. तेव्हाचा अध्यक्ष जॉन्सन याच्या डोक्यात १९५० चा कोरिया होता, अमेरिकन यालू नदीकडे सरकले आणि चीनचं सैन्य अंगावर आलं. म्हणून हानोईभोवती ३० मैलांचं वर्तुळ, हायफाँगभोवती १० मैलांचं, त्यात परवानगीशिवाय काही मारायचं नाही, टार्गेटची यादी व्हाइट हाऊसमध्ये मंगळवारच्या जेवणावर ठरायची. आमचे लोक या जेवणावर फार हसतात, नेत्यांनी एअरफोर्सचे हात बांधले वगैरे. मला नाही हसू येत. चीन खरंच येण्याची शक्यता होती आणि ती टाळणं हे जॉन्सनचं कामच होतं.

पण १९६५ चा हेतू बघा, तोही हानोईला झुकवण्यापुरता नव्हताच. दक्षिणेतल्या प्लेइकूच्या अमेरिकन तळावर हल्ला झाला त्या दिवशी, ७ फेब्रुवारी १९६५ ला, सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडीने जॉन्सनला लिहिलेला मेमो उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की यश मिळण्याची शक्यता २५ ते ७५ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते, पण फसलं तरी करण्यासारखं आहे, कारण निदान आपण जमेल ते सगळं केलं नाही हा आरोप तरी बोथट होईल. आणि महिना-दीड महिन्यात पेंटॅगॉनच्या जॉन मॅकनॉटनने अमेरिकेच्या उद्दिष्टांची चक्क टक्केवारी मांडली: ७० टक्के, लाजिरवाणा पराभव टाळणं, २० टक्के, दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती जाऊ न देणं, आणि १० टक्के, तिथल्या लोकांना बरं जगता यावं. हा कागद मी प्रत्येक बॅचला वाचून दाखवायचो, पहिल्यांदा ऐकताना सगळे गप्प व्हायचे. सात वर्षांनी निक्सनने पाठवलेल्या विमानांच्या पोटात हीच टक्केवारी भरलेली होती, फक्त आता पराभव टाळणं म्हणजे निघताना पाठीमागे दार लगेच कोसळू नये एवढंच उरलं होतं.

मधल्या काळात बदललं ते हे, की फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन बीजिंगला जाऊन आला आणि मे मध्ये मॉस्कोला. मॉस्कोला जायच्या दोन आठवडे आधी त्याने हायफाँग बंदरात सुरुंग पेरले, आणि तरीही सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हने भेट रद्द केली नाही. तिथे हानोईला कळलं की मोठे भाऊ निषेध करतील आणि पुढच्या कामाला लागतील. १९६५ ला जे करायला अमेरिका घाबरत होती ते १९७२ ला चीन-रशियाच्या जवळपास मूक संमतीने करता आलं. शिवाय १९६५ मध्ये हानोई गनिमी युद्ध लढत होती, त्याला रोजचा दारूगोळा फार लागत नाही, बॉम्बिंगने तोडायचं काय? मार्च १९७२ च्या ईस्टर हल्ल्यात ती रणगाडे घेऊन उघड्यावर आली, आणि रणगाड्याला तेल लागतं, तेलाला बंदर लागतं. तेव्हा "आधीच केलं असतं तर" हे म्हणणं म्हणजे वेगळ्या युद्धाचं औषध या युद्धाला द्यायचं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर राजकीय टार्गेट म्हणजे काय हे दाखवायला मला बी-५२ लागायचंच नाही. निक्सनने बॉम्बिंग ठरवलं त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, १४ डिसेंबर १९७१ ला, आपल्या मिग-२१ नी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट मारली, आत मीटिंग चालू होती, आणि गव्हर्नर मलिकने तिथेच राजीनामा लिहिला. मोजकी विमानं, काही मिनिटं. पण ते चाललं कारण जमिनीवर आपलं सैन्य ढाक्याच्या वेशीवर आलं होतं आणि आतल्या माणसाला कळून चुकलं होतं की आता कोणी वाचवायला येत नाही. हानोईच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं, अमेरिकेचं पायदळ उलट्या दिशेने चालत होतं.

२६ डिसेंबरला हानोईने कळवलं की ८ जानेवारीला बोलणी सुरू करू, आणि २९ ला निक्सनने हानोईवरचं बॉम्बिंग थांबवलं. त्यांची मिसाइल संपत आली होती म्हणून ते आले असं बरेच अमेरिकन पायलट आजही सांगतात, साठा खाली गेला असेलही, पण मी एवढंच म्हणेन की त्यांना परत यायला सांगितलेली जागा त्यांना ऑक्टोबरपासूनच मान्य होती. दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टनमध्ये २ जानेवारीला हाऊसच्या, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या, डेमोक्रॅट्सनी आपसात मतदान करून युद्धाचा निधी बंद करण्याच्या बाजूने १५४ विरुद्ध ७५ असा कौल दिला, ४ तारखेला सेनेटच्या डेमोक्रॅट्सनी ३६ विरुद्ध १२. म्हणजे ज्या तारखेच्या भीतीने बॉम्बिंग केलं, ती भीती बॉम्बिंगनेच आणखी खरी केली. ५ जानेवारीला निक्सनने थ्यूला पुन्हा लिहिलं, करार मोडला गेला तर पूर्ण ताकदीने उत्तर देऊ. आणि १५ ऑगस्ट १९७३ पासून काँग्रेसने इंडोचायनातल्या सगळ्याच बॉम्बिंगचा पैसा तोडला, पुढच्या ऑगस्टमध्ये वॉटरगेट घोटाळ्यामुळे निक्सन स्वतःच पदावरून गेला.

हानोईने मग त्या शब्दाची परीक्षा घेतली. डिसेंबर १९७४ मध्ये सायगावच्या उत्तरेला फुओक लाँग प्रांतावर हल्ला केला आणि वर आकाशाकडे बघत राहिले. ६ जानेवारी १९७५ ला प्रांताची राजधानी पडली, बी-५२ आली नाहीत. एप्रिलच्या २१ तारखेला थ्यूने राजीनामा देताना अमेरिकेने शब्द मोडला म्हणून टीव्हीवर तळतळाट केला, आणि निक्सनची ती दोन पत्रं लोकांसमोर आली सायगाव पडलं त्या दिवशी, ३० एप्रिलला, थ्यूच्या एका जुन्या मंत्र्याने वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांच्या हातात दिली तेव्हा. तोवर काँग्रेसमधल्या बहुतेकांना अशी पत्रं आहेत हेच माहिती नव्हतं.